वयलवारमच्या अंगणातला नाणू

श्री नारायण गुरूंचे नाव घेतले की तुमच्या डोळ्यांसमोर शिवगिरीचा मठ आणि पांढऱ्या वस्त्रांतली ती शांत मूर्ती येत असेल. आज मात्र तुम्हाला त्याही आधीच्या काळात, केरळातल्या एका मातीच्या घरात न्यायचे आहे.

तिरुवनंतपुरमजवळ चेंपळंती नावाचे गाव आहे. तिथे भातशेताला लागून एक लहानसे शाकारलेले घर. घराचे नाव वयलवारम, म्हणजे शेताच्या कडेचे. या घरात १८५६ साली एळवा कुटुंबात गुरूंचा जन्म झाला. घरी त्यांना नाणू म्हणत. वडील मादन आशान शेतकरी, पण गावातल्या मुलांना शिकवीत. 'आशान' हा शब्द 'आचार्य' यावरूनच आला आहे. त्यांना संस्कृत येत असे. संध्याकाळी गावकरी जमले की ते रामायण, महाभारत वाचून साध्या भाषेत अर्थ सांगत. आई कुट्टीअम्मा शांत, देवभोळी. मामा कृष्णन वैद्य हे नाडी जाणणारे, औषधी वनस्पतींची पारख असलेले आयुर्वेदाचे वैद्य, आणि संस्कृतही जाणणारे.

हे नीट लक्षात घ्या. त्या काळच्या त्रावणकोरात एळवांना मोठ्या देवळांत प्रवेश नव्हता, देवळाभोवतीच्या रस्त्यांवरूनही चालता येत नसे. ज्या देवाचे दार बंद, त्याची कथा मात्र मादन आशानांच्या अंगणात रोज उघडी होती. नाणू गुरे राखी, विड्याच्या वेलींना पाणी घाली आणि ऐकलेले श्लोक गुणगुणत फिरे. नैवेद्याची फळे पूजेआधीच खाऊन टाकण्याची त्याला खोड होती. मी आनंदी झालो तर देवही आनंदी होईल, असे तो सांगे. घरच्यांनी पुढे पूजा होईपर्यंत ताटावर लक्ष ठेवले असेल, यात शंका नाही!

पण या थोरांचीही एक मर्यादा होती. ज्यांना वरचे लोक दूर ठेवीत, तेच आपल्याहून खालच्या मानलेल्या पुलया लोकांना दूर ठेवीत. नाणूला हे कधी समजलेच नाही, किंवा फार लवकर समजले. चरित्रकार एक प्रसंग सांगतात. एका पुलया झोपडीत कोणी नव्हते आणि चुलीवरचा भात उतू जात होता. नाणू सरळ आत गेला आणि त्याने भांडे खाली उतरवले. कोणीतरी हे वडिलांच्या कानावर घातले. वडील रागावले, तेव्हा मुलाने सांगितले की भांडे उतरवले नसते तर ते घर त्या दिवशी उपाशी राहिले असते. पैठणच्या तापलेल्या वाळूत रडणारे मूल कडेवर घेणारे नाथमहाराज तुम्हाला इथे आठवतील. तो पुलया माणसांना मुद्दाम शिवून येई आणि तसाच सोवळ्यातल्या वडीलधाऱ्यांना जाऊन बिलगे, असेही सांगतात.

आणखी एक आठवण आहे. नात्यातले कोणी वारले आणि घर रडले. काही दिवसांत सगळे पूर्वीसारखे हसूबोलू लागले. नाणू मात्र नाहीसा झाला. शोधल्यावर तो रानात एकटा बसलेला सापडला. परवा रडणारी माणसे आज हसतात कशी, हा त्याचा प्रश्न होता. मोठ्यांकडे याचे उत्तर नव्हते. खरे तर आपल्याकडे तरी कुठे आहे?

मामांनी आणि वडिलांनी त्याच्या शिक्षणाची हेळसांड केली नाही. तरुणपणी त्याला कायमकुळमच्या बाजूला रामन पिळ्ळै आशान यांच्याकडे संस्कृत शिकायला पाठवले. परतल्यावर तोही वडिलांसारखा मुलांना शिकवू लागला आणि लोक त्याला नाणू आशान म्हणू लागले. पुढे आईवडील गेले. मग भटकंती आली, मरुत्वामलैच्या गुहेतले तप आले. ती वर्षे त्यांनी स्वतःजवळच ठेवली.

१८८८ च्या महाशिवरात्रीला अरुविप्पुरमला नेय्यार नदीत बुडी मारून त्यांनी एक दगड वर आणला आणि शिव म्हणून त्याची स्थापना केली. एळवाला प्राणप्रतिष्ठेचा अधिकार कुठला, असे विचारले गेले. आपण एळवांचा शिव स्थापला आहे, एवढेच त्यांनी हसून सांगितले. मात्र जिथे जातीचा भेद आणि धर्माचा द्वेष नसेल असे हे स्थान आहे, असा लेख त्यांनी तिथे लिहविला. म्हणजे वडिलांचे अंगण त्यांनी घेतले, पण त्याचे कुंपण घेतले नाही.

उत्तरायुष्यात देवळांपेक्षा शाळा बांधा, असे ते लोकांना सांगू लागले. आजाऱ्यांना ते औषधही सांगत, ती मामांची शिदोरी. आणि शिवगिरीच्या आश्रमात पुलया घरांतली मुले इतरांच्या पंगतीत जेवत, शिकत. १९२५ मध्ये गांधीजी तिथे आले, तेव्हा त्याच मुलांनी त्यांच्यासमोर प्रार्थना म्हटली.