चढणीचा राजा फाउस्तो कोप्पी

घाटाच्या चढणीवर सायकलपटूची खरी कसोटी लागते. सपाट रस्त्यावर पुढच्या स्वाराच्या आडोशाने वाऱ्यापासून बचाव करता येतो. चढणीवर मात्र वेग मंदावतो, आडोशाचा लाभ घटतो आणि स्वतःच्या वजनाशी ज्याला त्यालाच झुंजावे लागते. ही झुंज केवळ बळाने नव्हे, तर लयीने जिंकता येते, हे इटलीच्या फाउस्तो कोप्पीने दाखवून दिले.

कोप्पीचा जन्म १५ सप्टेंबर १९१९ रोजी कास्तेलानिया या डोंगराळ खेड्यातील शेतकरी कुटुंबात झाला. किशोरवयात तो नोव्ही लिगुरे येथील खाटकाच्या दुकानातील माल सायकलवरून घरोघरी पोहोचवीत असे. तेथे ब्याजो काव्हान्ना या अंध मालिशकाराने त्याच्यातील गुण हेरले. १९४० मध्ये जिनो बार्ताली या ख्यातनाम सायकलपटूचा साहाय्यक म्हणून कोप्पी 'जिरो द'इतालिया' शर्यतीत उतरला. बार्ताली अपघाताने मागे पडला आणि अवघ्या विसाव्या वर्षी कोप्पी विजेता ठरला. पुढे महायुद्धाने त्याच्या उमेदीची वर्षे हिरावून घेतली. १९४३ मध्ये तो ट्युनिशियात युद्धकैदी झाला.

कोप्पीचे तंत्र वरकरणी साधे होते. उभे राहून पायडल मारल्यास क्षणिक जोर मिळतो. परंतु शरीराचा भार पायांवर येऊन शक्ती लवकर खर्च होते. कोप्पी बहुतांशी आसनावर बसूनच चढे. खांदे स्थिर, लांब पायांची गती अखंड. बार्तालीप्रमाणे वारंवार उसळी घेण्याऐवजी तो वेग हळूहळू वाढवी आणि तोच टिकवून धरी. प्रतिस्पर्धी एकेक करून गळून पडत.

१० जून १९४९ रोजी कुनेओ ते पिनेरोलो या २५४ किलोमीटरच्या टप्प्यात या तंत्राचा कळस दिसला. वाटेत आल्प्समधील पाच खिंडी होत्या. पहिल्याच खिंडीत कोप्पी पुढे निसटला आणि उरलेले १९२ किलोमीटर त्याने एकट्याने कापले. बार्ताली सुमारे १२ मिनिटांनी मागाहून पोहोचला. त्याच वर्षी 'जिरो' आणि 'टूर द फ्रान्स' या दोन्ही शर्यती जिंकणारा तो पहिला सायकलपटू ठरला. १९५२ मध्ये त्याने या पराक्रमाची पुनरावृत्ती केली; २१ वळणांच्या आल्प द'ह्युएझवर 'टूर'चा पहिला टप्पा संपला, तोही त्यानेच जिंकला. १९५३ च्या 'जिरो'त ह्यूगो कोब्लेटपेक्षा जवळपास दोन मिनिटांनी मागे असताना त्याने २,७५८ मीटर उंचीच्या स्टेल्व्हिओ खिंडीत बाजी उलटवली आणि पाचव्यांदा विजेतेपद मिळवले.

श्वास आणि शक्ती यांचा इतका काटेकोर हिशेब ठेवणाऱ्या या देहाचा घात मात्र तापाने केला. डिसेंबर १९५९ मध्ये तो शर्यत व शिकारीसाठी अपर व्होल्टा, म्हणजे आजच्या बुर्किना फासोमध्ये गेला होता. परतल्यावर त्याला आणि सोबत गेलेल्या राफाएल जेमिनियानीला ताप चढला. फ्रान्समध्ये जेमिनियानीचा हिवताप वेळीच ओळखला गेला आणि क्विनीनने तो वाचला. इटलीतील डॉक्टरांना कोप्पीच्या आजाराचे निदान झाले नाही. २ जानेवारी १९६० रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

१९६५ पासून 'जिरो'च्या मार्गावरील सर्वोच्च स्थळाला 'चीमा कोप्पी', म्हणजे कोप्पी शिखर, असे संबोधले जाते. दरवर्षी मार्ग बदलतो, शिखरही बदलते. नाव मात्र तेच राहते.