थकलेला धातू आणि बिनतारी लहरी : जगदीशचंद्र बोस यांचे जीवन

दुबई-शारजातील बहुमजली इमारतींत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. दिवाणखान्यात लॅपटॉपवर वाय-फाय उत्तम चालते. तोच लॅपटॉप आतल्या खोलीत नेला, की पुण्यातल्या आईचा चेहरा पडद्यावर गोठतो. आपण राउटर बंद करून पुन्हा सुरू करतो आणि कंपनीला बोल लावतो. जोडणी कधी सुधारते, कधी नाही. सुधारली तरी कशामुळे सुधारली, हे कळत नाही. लहरींच्या या लहरीपणाशी सव्वाशे वर्षांपूर्वी कोलकात्याच्या एका प्राध्यापकाने झुंज दिली होती. त्यांची पद्धत आजही उपयोगी पडावी अशी आहे.

जगदीशचंद्र बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी, आज बांगलादेशात असलेल्या मैमनसिंह येथे झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते, तरी मुलाचे पहिले शिक्षण त्यांनी आग्रहाने बंगाली शाळेत केले. पुढे कोलकात्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवी घेऊन जगदीशचंद्र १८८० मध्ये वैद्यकशास्त्रासाठी लंडनला गेले. आजारपणामुळे तो अभ्यास सोडावा लागला आणि ते केंब्रिजला विज्ञानाकडे वळले. तेथे त्यांना लॉर्ड रॅले यांच्यासारखे गुरू लाभले.

१८८५ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवू लागले. युरोपीय सहकाऱ्यांच्या तुलनेत त्यांना फार कमी वेतन देऊ करण्यात आले. त्यांनी भांडण केले नाही. मात्र तीन वर्षे वेतनाला हातही लावला नाही आणि शिकवण्यात कसूर केली नाही. घरावर वडिलांच्या कर्जाचा भार असताना घेतलेला हा निर्णय होता. १८८७ मध्ये विवाह होऊन घरात आलेल्या अबला यांनी ही ओढाताण सोसली. अखेर प्रशासन नमले आणि पूर्ण वेतन मागील थकबाकीसह मिळाले.

हर्ट्झ यांनी १८८८ च्या सुमारास विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध केल्या होत्या. पण त्या लांब लहरींचे गुणधर्म छोट्या खोलीत तपासणे अवघड होते. बोस यांच्याकडे खोली छोटीच होती, म्हणून त्यांनी लहरीच आखूड केल्या, सुमारे ५ मिलिमीटरपर्यंत. स्थानिक कारागिराच्या मदतीने उपकरणे घडली. पानांमध्ये धातूचा वर्ख घातलेले रेल्वेचे वेळापत्रक आणि पिळलेला ताग अशा साध्या वस्तूही त्यांनी प्रयोगांत वापरल्या. १८९५ च्या सुमारास कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी बिनतारी लहरींनी दूरवरची घंटा वाजवून आणि दारू पेटवून दाखवली. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले.

खरी अडचण होती ती लहरी टिपण्याची. त्या काळचा ग्राहक, म्हणजे कोहेरर, ही धातूच्या किसाने भरलेली नळी असे. लहर आली की किसातून वीज वाहू लागे. पुढची लहर टिपण्यासाठी नळीला टिचकी मारावी लागे. बंगालच्या दमट हवेत ही नळी भरवशाची राहीना. बोस यांनी किसाऐवजी बारीक पोलादी स्प्रिंग बसवल्या. स्प्रिंगवरचा दाब स्क्रूने आणि विजेचा दाब स्वतंत्रपणे कमी-जास्त करून ग्राहक कोणत्या स्थितीत सर्वाधिक संवेदनशील राहतो, हे त्यांनी निश्चित केले. १८९९ मध्ये त्यांनी पारा आणि लोखंड यांचा, टिचकी न लागणारा ग्राहक टेलिफोनसह रॉयल सोसायटीपुढे मांडला. १९०१ मध्ये मार्कोनी यांनी अटलांटिकपार संदेश टिपताना पाऱ्याचाच ग्राहक वापरला. त्याचे श्रेय कोणाचे, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. बोस यांना एकस्वाची ओढ नव्हती. मित्रांच्या आग्रहावरून गॅलेना स्फटिकाच्या ग्राहकाचे अमेरिकी एकस्व त्यांना १९०४ मध्ये मिळाले, पण त्यातून त्यांनी धन मिळवले नाही.

सर्व काही अचूक जुळवूनही एक दोष उरला. सतत वापराने ग्राहकाचा प्रतिसाद मंदावे आणि विश्रांतीनंतर पूर्ववत होई. दुसऱ्या कोणी ती नळी फेकून दिली असती. बोस यांनी प्रतिसादाचे आलेख काढले, तर ते थकलेल्या स्नायूच्या आलेखासारखे दिसले. येथून ते वनस्पतींच्या प्रतिसादाकडे वळले. लंडनच्या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी कडाडून विरोध केला. सजीव-निर्जीवांमधील साम्याबद्दलची त्यांची सर्व अनुमाने पुढे टिकली नाहीत. वनस्पतींमध्ये विद्युत संकेत वाहतात, हे मात्र आज मान्य आहे. १९१७ मध्ये त्यांनी कोलकात्यात बोस संस्था स्थापली आणि १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्यांच्या हयातीतच, १९२७ मध्ये, पुण्याजवळील खडकी येथून संदेश पाठवणारी आणि दौंड येथे टिपणारी बिनतारी सेवा इंग्लंडशी जोडली गेली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

बोस यांची ५ मिलिमीटरची लहर म्हणजे आजच्या भाषेत ६० गिगाहर्ट्झ. वाय-फायचा एक अतिवेगवान प्रकार याच पट्ट्यात चालतो. आपल्या घरातील २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरी त्याहून लांब आहेत, तरी नियम तेच. सळईचे काँक्रीट, कपाटाचा आरसा, पाण्याची टाकी त्यांना अडवतात. २.४ गिगाहर्ट्झ दूर पोहोचतो, पण तेथे शेजाऱ्यांच्या राउटरची आणि मायक्रोवेव्ह ओव्हनची गर्दी असते. ५ वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमतो.

म्हणून जोडणी रुसली, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. लॅपटॉप राउटरजवळ न्यावा. तेथे नीट चालला, तर दोष अंतराचा किंवा भिंतीचा. तेथेही अडखळला, तर त्याच जागी मोबाइल लावून पाहावा. मोबाइल चालला, तर लॅपटॉपचा ड्रायव्हर आणि वीजबचतीची मांडणी तपासावी. तोही अडखळला, तर राउटरला तार जोडून पाहावे. तारेवरही तोच त्रास असेल, तरच कंपनीला फोन करावा. आणि प्रत्येक बदलानंतर काय झाले, हे कागदावर टिपावे. बोस यांनी थकलेल्या ग्राहकाचे आलेख काढले, तेही याच हेतूने.