खटपटीचा अहवाल

सरकारी कचेरीतील शब्दबंबाळ लेखन हा केवळ भाषेचा दोष मानला जातो. वस्तुतः तो खर्चाचा प्रश्न आहे आणि त्या खर्चाचा मोठा भाग कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. तो अर्जदार सोसतो. तोरणमाळच्या आदिवासी शेतकऱ्याला त्रुटीचा शेरा मारून परत आलेला अर्ज पुन्हा द्यावयाचा, तर डोंगर उतरून कचेरी गाठावी लागते आणि दिवसाची मजुरी बुडते. सातपुड्याच्या याच परिसरात ज्याच्या कीर्तीचा आरंभ झाला, त्या सर जेम्स औट्रामचे चरित्र या दृष्टीने उद्बोधक आहे.

औट्रामचा जन्म 1803 साली इंग्लंडातील डर्बीशायर परगण्यात झाला. 1819 साली तो मुंबई इलाख्याच्या लष्करात दाखल झाला. त्याच्या आदल्याच वर्षी पेशवाई बुडून खानदेश इंग्रजांकडे आला होता. डोंगरातील भिल्ल नाईकांचे परंपरागत हक्क दुरावले होते, बंडे होत होती आणि फौजा पाठवूनही ती शमत नव्हती. तेव्हा 1825 साली गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी धोरण बदलले. भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या, जमीन व तगाई देऊ करण्यात आली आणि भिल्लांचीच पलटण उभारण्याचे काम औट्रामकडे आले. प्रारंभी त्यानेही शस्त्र चालविले. परंतु पुढे तो एकटा पाड्यांवर जाऊ लागला, भिल्लांबरोबर शिकार करू लागला आणि मोजक्या भिल्ल शिपायांच्या पहाऱ्यात निर्धास्त झोपू लागला. 1828 पर्यंत पलटणीची संख्या सहाशेवर गेली. यात परक्या सत्तेचा स्वार्थ होता हे उघड आहे. तथापि दिलेला शब्द जागच्या जागी पाळला जात असे, हे त्या यशाचे मर्म होते. 1835 साली त्याने खानदेश सोडला.

दुसरे प्रकरण बडोद्याचे. 1847 साली औट्राम तेथे रेसिडेंट झाला. मुंबईच्या कारभारातील वरिष्ठांपर्यंत पैसा पोहोचविला की हवा तो निकाल मिळतो, असा समज तेथे दृढ होता. या व्यवहाराला लोक ‘खटपट’ म्हणत आणि हा मराठी शब्द इंग्रजी दप्तरातही रूढ झाला. 1851 साली औट्रामने या खटपटीवर प्रदीर्घ अहवाल धाडला. वास्तविक प्रश्न एकच होता: लाच घेतली जाते की नाही? परंतु मुंबई सरकारला अहवालाची भाषाच अधिक झोंबली. वरिष्ठांचा अवमान झाल्याचा ठपका ठेवून त्याला पदावरून दूर करण्यात आले. पुढे पार्लमेंटसाठी या प्रकरणाच्या कागदपत्रांचे जाडजूड ग्रंथ छापले गेले. 1854 साली डलहौसीने त्याला पुन्हा बडोद्यास पाठविले, पण तेही अल्पकाळच.

औट्राम स्वतःही या रोगापासून मुक्त नव्हता. सिंधच्या प्रश्नावर सर चार्ल्स नेपियरशी झालेल्या वादात त्याने 1846 साली एक ग्रंथच प्रसिद्ध केला. 1857 च्या लखनौ लढ्याने त्याचे नाव मोठे झाले. 1863 साली फ्रान्समध्ये त्याचे निधन झाले आणि वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याचे दफन झाले.

या दोन प्रकरणांतील भेद विचारात घेण्याजोगा आहे. सातपुड्यात निर्णय प्रश्नाच्या जागीच होत असे, म्हणून कागद थोडा लागला. बडोद्यात प्रश्न एकीकडे, निर्णय दुसरीकडे. मधले अंतर कागदाने भरले आणि मूळ प्रश्न त्याखाली गाडला गेला. नोंद नको, असा याचा अर्थ नव्हे. लेखी नोंद नसेल, तर दुबळ्याचा हक्क मोठ्याच्या लहरीवर राहतो. परंतु नोंद निर्णयासाठी असते, निर्णय लांबविण्यासाठी नव्हे.

2006 च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनी गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी नोंदविलेला जबाबही एक पुरावा मानला आहे. म्हणजे माणसाच्या शब्दाला कायद्याने जागा दिली आहे. डोंगरावर जाऊन तो शब्द ऐकणे आणि चार ओळींत निकाल लिहिणे, एवढेच कचेरीने करावयाचे आहे.