गुगल फॉर्म नव्हता तेव्हाचा सर्व्हे : फ्लोरेन्स नाइटिंगेल

हातात दिवा घेऊन फिरणारी परिचारिका म्हणून फ्लोरेन्स नाइटिंगेल आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटते. मला ती डेटावाली म्हणून जास्त आवडते. फॉर्मची उत्तरं शीटमध्ये आल्यावर आपण जे करतो, ते सगळं तिने कागदावर केलं होतं.

जन्म १८२० चा, इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात. घर श्रीमंत इंग्रजांचं. मुलीने गणितात डोकं घालावं हे घरी फारसं रुचत नव्हतं, आणि नर्स व्हायचं म्हटल्यावर तर विरोधच झाला. तरी नोव्हेंबर १८५४ मध्ये, क्रिमियन युद्ध चालू असताना, ३८ नर्स घेऊन ती स्कुटारीच्या लष्करी हॉस्पिटलात पोहोचली. स्कुटारी म्हणजे आजच्या इस्तंबूलचा एक भाग. तिथे गटारं तुंबलेली, हवा कोंदट, माणसं मरतायत. मार्च १८५५ मध्ये सरकारचं स्वच्छता पथक आलं, गटारं साफ झाली आणि मृत्यू झपाट्याने घटले.

खरी लढाई परत आल्यावर सुरू झाली. सैनिक जखमांनी कमी आणि टाळता येणाऱ्या रोगांनी जास्त मेले, हे लंडनच्या साहेबांना पटवायचं कसं? कच्चा डेटा तर भयानक होता. मृत्यूंच्या नोंदी वेगवेगळ्या वह्यांत, आणि त्यांची बेरीज एकमेकींशी जुळेना! विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने तिने आधी कॅटेगरी पक्क्या केल्या : टाळता येणारे रोग, जखमा, इतर कारणं. बस, तीनच. तुमच्या शीटमध्ये कुणी 'पुणे', कुणी 'पुणे शहर', कुणी 'पूना' लिहिलं असेल, तर पिव्होट टेबल ती तीन वेगळी गावं मोजतं. चार्टच्या आधी हे निस्तरावंच लागतं.

मग दर. जानेवारी १८५५ मध्ये रोगांनी २,७६१ सैनिक गेले, जखमांनी ८३. नुसत्या आकड्यावरून काय कळणार? सैन्य होतं ३२,३९३. मृत्यू भागिले सैन्य, गुणिले १२, गुणिले १०००. शीटमध्ये टाकून बघा, उत्तर येतं १०२२.८. म्हणजे नवी कुमक आली नसती आणि हाच वेग राहिला असता, तर वर्षाच्या आत अख्खं सैन्य फक्त रोगांनी संपलं असतं.

१८५८ मध्ये तिने हे गोल चार्टमध्ये मांडलं. एका महिन्याला एक पाकळी. रोग निळे, जखमा लाल, इतर काळे. आधीच्या एका आवृत्तीत आकडा पाकळीच्या लांबीने दाखवला होता. पण लांबी दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं आणि डोळा फसतो. म्हणून नंतर क्षेत्रफळच आकड्याच्या प्रमाणात ठेवलं, म्हणजे त्रिज्येसाठी वर्गमूळ. एक्सेलच्या बबल चार्टमध्ये आजही साइझ एरियाने दाखवायची की रुंदीने, असा पर्याय मिळतो. एरियाच ठेवा. (मोबाईलवर बघणाऱ्यांसाठी मी सरळ बार चार्ट काढेन, पण तो माझा चॉइस.)

त्याच वर्षी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने तिला सदस्य करून घेतलं. ती तिथली पहिली महिला सदस्य.

आणि आता आपल्याकडची गोष्ट. ती भारतात कधीच आली नाही. आजारपणामुळे बहुतेक काम खोलीत बसूनच चालायचं. पण भारतातल्या सुमारे २०० लष्करी ठाण्यांना प्रश्नावली गेली : पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, बराकीत किती माणसं झोपतात. उत्तरं ढिगाने आली. ती वाचून, कापून-छाटून तिने त्यांचं सार काढलं आणि १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालात ते छापलं गेलं. त्यातला सगळ्यात बोचरा आकडा म्हणजे इथल्या ब्रिटिश सैनिकांचा वर्षाचा मृत्युदर, दर हजारी ६९.

१८७३ मध्ये तिने भारतावर पुन्हा लिहिलं, तेव्हा तो दर १८ वर आला होता.