तांबटांच्या कानांची नोंद ठेवणारा वैद्य

भंडारा शहराची ओळख पितळेची. पितळी भांडे ठोकून घडवायचे तर हातोडा दिवसभर चालतो आणि त्याचा ठणका कारागिराच्या कानापासून जेमतेम हातभर अंतरावर उठतो. अशा कामाने कान जातात, हे वैद्यकाच्या ग्रंथात नीट लिहून ठेवणाऱ्या पहिल्या काही वैद्यांपैकी एक होते इटलीतले बर्नार्दिनो रामाझिनी. वैद्यकाचे विद्यार्थी त्यांचे नाव एका मार्काच्या प्रश्नापुरते पाठ करतात आणि विसरतात.

रामाझिनी यांचा जन्म १६३३ साली कार्पी या गावचा. पार्मा येथे शिकून ते वैद्य झाले. सुरुवातीची प्रॅक्टिस खेड्यांत केली, तिथे हिवतापाने बेजार होऊन गावी परतले. पुढे मोडेना शहरात त्यांचा जम बसला आणि १६८२ मध्ये ते तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक झाले.

त्यांच्या घरचा मैल्याचा खड्डा उपसायला आलेला एक मजूर फारच घाईने काम करत होता. कारण विचारल्यावर त्याने सांगितले, की चार तासांहून जास्त वेळ आत राहिले तर डोळे जातात. रामाझिनी यांनी त्याचे डोळे तपासले, ते लालभडक होते. शहरात हेच काम करून आंधळे झालेले भिकारीही त्यांना आढळले. तेव्हापासून ते कारागिरांच्या दुकानांत जाऊन बसू लागले. त्या काळी उच्चभ्रू वैद्य असल्या जागी पाऊल ठेवत नसत. रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्यांनी एकाची भर घातली: तो काम काय करतो?

यातून १७०० साली कारागिरांच्या रोगांवरचा त्यांचा लॅटिन ग्रंथ निघाला. त्याच्या १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत व्हेनिसच्या तांबटांवर एक प्रकरण आहे. तांबे ठोकणाऱ्यांची वस्ती एकाच भागात होती आणि गोंगाटामुळे दुसरे कोणी तिथे राहायला धजत नसे. या माणसांना आधी कमी ऐकू येऊ लागते आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होतात, असे त्यांनी नोंदवले. पिठाच्या चक्कीवर राबणाऱ्यांचे कानही चाकांच्या आवाजाने मंद होतात, असेही लिहिले. राईस मिल आणि मँगनीज खाणींच्या या जिल्ह्यात हे वेगळे समजावून सांगायला नको.

कारणमीमांसेत मात्र ते चुकले. सततच्या ठोक्यांनी कानाचा पडदा सैल पडतो, असे त्यांना वाटले. खरे नुकसान पडद्याच्या पलीकडे, आतल्या कानातल्या शंखासारख्या अवयवात होते. तिथे प्रत्येक कानात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ४,००० हर्ट्झच्या आसपासचे बारीक स्वर आधी जातात. म्हणून माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. ‘सात’ आणि ‘साठ’ सारखेच वाटू लागतात. दोष आपल्या कानांत आहे हे त्याला पटत नाही. घरचेच पुटपुटतात, असे तो म्हणतो.

श्रवणचाचणीच्या आलेखावर ४,००० हर्ट्झची ही खाच त्या माणसाच्या लक्षात येण्याच्या किती तरी आधी दिसते. चाचणी मात्र रात्रीच्या विश्रांतीनंतर, कामावर जाण्यापूर्वी करावी. दिवसभर ठोकून आलेला कान तात्पुरता बधिर असतो, तो खोटे बोलतो.

आवाजाने येणाऱ्या बहिरेपणाला १९४८ च्या कारखाना कायद्याने सूचनीय रोगांच्या यादीत जागा दिली. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आणि वेळोवेळी कानांची तपासणी हे नियमांत आहे. पण घराच्या पडवीत दोन-तीन माणसांनी चालवलेली भट्टी कारखाना ठरत नाही. तिथल्या कारागिराचे कान कोणी तपासत नाही. तो आपणहून कान-नाक-घशाच्या ओपीडीत येतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

रामाझिनी यांनी तांबटांना कानांत कापूस घालायला सांगितले. कापसाने फारसा आवाज अडत नाही, पण दिशा बरोबर होती. आज फोमचे बोळे मिळतात. बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, बोळा आत सरकवून अर्धा मिनिट दाबून धरायचा. कानाच्या तोंडाशी नुसता टेकवलेला बोळा कापसाच्याच लायकीचा.

ग्रंथ निघाला त्याच वर्षी पादुआच्या विद्यापीठाने रामाझिनी यांना बोलावून घेतले. उतारवयात त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. तरीही १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी आणखी बारा प्रकरणे घातली. त्यांत छापखान्यातले कामगार आणि कारकूनही आले. पुढच्याच वर्षी, ५ नोव्हेंबर १७१४ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी पादुआतच मेंदूच्या झटक्याने त्यांचे निधन झाले.