एडिसनचा फीडर

एडिसन म्हटलं की सगळ्यांना बल्ब आठवतो. इलेक्ट्रिकलवाल्यांनी मात्र हा माणूस फीडरसाठी लक्षात ठेवायला हवा!

थॉमस अल्वा एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मिलान गावचा. शाळा जेमतेम काही महिने. पुढे आगगाडीत पेपर विकले. १८६२ मध्ये एका स्टेशनमास्तरच्या मुलाला गाडीखाली येताना वाचवलं, तेव्हा त्या स्टेशनमास्तरने त्याला तारयंत्र शिकवलं. ऐकू कमी यायचं, तरी पठ्ठ्या तारमास्तर झाला.

ऑक्टोबर १८७९ मध्ये मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत कार्बन फिलामेंटचा दिवा तासन् तास जळला. पण एक दिवा पेटणं वेगळं आणि अख्खी वस्ती उजळणं वेगळं. खरी अडचण होती तांब्याची. एडिसनने मुद्दाम शंभराहून अधिक ओहमचा फिलामेंट निवडला, म्हणजे करंट कमी लागेल. त्याचा गणिती सहकारी फ्रान्सिस अप्टन हिशेब मांडायचा, तरीही तांब्याचा खर्च आवाक्यात येईना.

कारण सुरुवातीची मांडणी झाडासारखी होती: केंद्राजवळ जाड बुंधा, पुढे बारीक फांद्या, आणि वाटेत जागोजागी घरांना जोड. जवळच्या घराला भरपूर व्होल्टेज, टोकाच्या घरी दिवा मिणमिणता. हा फरक कमी करायचा तर सगळीच तार जाड हवी.

एडिसनने काय केलं? केंद्रापासून वस्तीच्या मध्यापर्यंत फीडर नेले आणि त्यांवर वाटेत एकही जोड ठेवला नाही. घरं जोडली ती फीडरच्या टोकाला लावलेल्या मेन्सवर. आता फीडरमध्ये व्होल्टेज पडलं तरी ते सगळ्यांचं सारखंच पडणार, आणि ते केंद्रात वाढवून भरून काढता येतं! घराघरांतला फरक फक्त मेन्समधल्या ड्रॉपपुरता उरला. त्यामुळे तांबं सुमारे एक अष्टमांशावर आलं. याचं पेटंट १८८२ चं. ४ सप्टेंबर १८८२ ला न्यूयॉर्कचं पर्ल स्ट्रीट केंद्र सुरू झालं, तेव्हा दिवे होते चारशेच्या आसपास. पुढच्याच वर्षी सनबरी गावात त्याची तीन तारांची पद्धत आली. तिने आणखी साठ टक्क्यांहून जास्त तांबं वाचवलं.

आता आपल्या इमारतींकडे बघा. खालून एकच रायझिंग मेन वर जाते, मजल्यामजल्यावर टॅप-ऑफ घेऊन सबपॅनेल जोडतात. म्हणजे एडिसनने सोडून दिलेलं झाडच की! तळाशी सगळ्या मजल्यांचा करंट वाहतो, आणि शेवटच्या मजल्याला सगळ्यांचा मिळून ड्रॉप सोसावा लागतो. अंतर थोडं आणि बसबार पुरेसा जाड असतो म्हणून हे निभावतं. साइज काढताना मात्र वरच्या टोकाचं व्होल्टेज तपासायलाच हवं. लिफ्टला तळापासून स्वतंत्र फीडर देतात, तेव्हा पुन्हा एडिसनचीच वाट धरलेली असते.

एसीबाबत मात्र तो हट्टाला पेटला आणि हरला. १८९२ मध्ये त्याची कंपनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये विलीन झाली, नावातून एडिसनच गेला! १८ ऑक्टोबर १९३१ ला तो वारला. न्यूयॉर्कमधल्या कॉन एडिसन कंपनीचा डीसी पुरवठा मात्र १४ नोव्हेंबर २००७ पर्यंत चालू होता.