अवधानी जवाहिर श्रीमद् राजचंद्र

मुंबईच्या झवेरी बाजारात ज्यांनी मोत्या-हिऱ्यांबरोबर आत्म्याचीही पारख केली, त्या श्रीमद् राजचंद्र यांचा जन्म कार्तिकी पौर्णिमेला, विक्रम संवत १९२४ मध्ये, म्हणजे ९ नोव्हेंबर १८६७ रोजी सौराष्ट्रातील ववाणिया येथे झाला. पिता रवजीभाई वैष्णव परंपरेतील, तर माता देवबा जैन संस्कारांच्या. बालपणीच ते पित्याच्या दुकानी बसू लागले. तेथे कोणालाही कमी-अधिक तोलून दिले नाही, असे समाधान त्यांनी पुढे स्वतःच नोंदविले आहे. सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी १०८ पाठांची ‘मोक्षमाला’ रचली.

त्यांची एकाग्रता असामान्य होती. अनेक कामांकडे एकाच वेळी लक्ष ठेवणे, म्हणजे अवधान. पत्ते व बुद्धिबळ खेळता खेळता घंटेचे ठोके मोजणे, क्रम मोडून सांगितलेले परभाषांतील शब्द जुळविणे, गणिते सोडविणे आणि दिलेल्या विषयावर पद्य रचणे, हे सारे त्यात येई. गिरगावालगत धोबीतलाव येथील फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये जानेवारी १८८७ मध्ये त्यांनी शतावधान केले, तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. त्यांना सुवर्णपदक व ‘साक्षात सरस्वती’ ही उपाधी लाभली. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट यांनी युरोपात प्रयोग करण्याचे सुचविले. परंतु त्यांनी ते नाकारले. कीर्तीचा मोह आत्मसाधनेच्या आड येईल हे जाणून त्यांनी लवकरच जाहीर अवधानेच सोडली.

१८८८ मध्ये त्यांचा झबकबाईंशी विवाह झाला. पुढे रेवाशंकर जगजीवन यांच्या भागीदारीत त्यांनी जवाहिरांचा व्यापार केला. उलाढाल लाखोंची होती, तरी पेढीवर वहीशेजारी धर्मग्रंथ असे आणि सौदा आटोपताच तो उघडला जाई. एकदा सौदा ठरल्यानंतर भाव वाढले आणि समोरच्या व्यापाऱ्यावर संकट ओढवले. तेव्हा हक्काचा नफा सोडून श्रीमदांनी करारपत्रच फाडून टाकले, ही आठवण त्यांच्या चरित्रांत आदराने सांगितली जाते.

जुलै १८९१ मध्ये विलायतेहून परतलेले मोहनदास गांधी त्यांना मुंबईत भेटले. गांधीजींनी त्यांच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेतली. परंतु ते भारावले ते श्रीमदांच्या शास्त्रज्ञानाने, निर्मळ चारित्र्याने आणि आत्मदर्शनाच्या तळमळीने. १८९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत धर्मविषयक शंकांनी ग्रासले असता त्यांनी सत्तावीस प्रश्न पाठविले. श्रीमदांच्या उत्तरांनी त्यांच्या मनाला शांती लाभली.

१८९६ मध्ये नडियाद येथे श्रीमदांनी एकाच बैठकीत १४२ गाथांचे ‘आत्मसिद्धिशास्त्र’ रचले. शास्त्रग्रंथांच्या प्रकाशनासाठी १९०० मध्ये परमश्रुत प्रभावक मंडळाची स्थापना केली. देह मात्र क्षीण होत गेला. ९ एप्रिल १९०१ रोजी राजकोट येथे, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्यांनी समाधिभावात देह ठेवला.

आपल्या समाजातील बहुतेकांचा दिवस आजही पेढीवर व दुकानात जातो. धर्म केवळ देरासरात किंवा पर्युषणात पाळायचा नसून तराजू हाती असतानाही पाळायचा असतो, हे श्रीमदांनी याच मुंबईच्या बाजारात आचरून दाखविले. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी त्या पुण्यात्म्यास कोटी कोटी वंदन.